न्यूटन आणि प्रकटीकरणाचा ग्रंथ

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात नॉर्थ विथम या गावी बार्नबस स्मिथ नावाचे एक धर्मोपदेशक राहत असत. त्यांच्या संग्रही दोन-तीनशे ग्रंथ होते आणि त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्मशास्त्राचे व प्राचीन धर्माचार्यांचे होते. धर्मविषयक टिपणांसाठी त्यांनी एक जाडजूड वहीही सिद्ध केली होती. तिच्या पानापानांवर त्यांनी विषयांचे मथळे लिहून ठेवले. मात्र मथळ्यांखालची जागा बहुतांशी कोरीच राहिली. १६५३ साली स्मिथ निवर्तले आणि कालांतराने ते ग्रंथ व ती वही त्यांच्या सावत्र मुलाच्या हाती आली. कागद महाग असण्याचे ते दिवस होते. मुलाने वही वाया जाऊ दिली नाही. ज्याला पुढे कलनशास्त्र हे नाव मिळाले, त्याची आरंभीची मांडणी त्याने त्याच कोऱ्या पानांवर केली. तो मुलगा म्हणजे आयझॅक न्यूटन. वहीतील गणिताची पाने जगाने डोक्यावर घेतली. परंतु सावत्र बापाने ज्या विषयाचे मथळे लिहून ठेवले होते, त्या विषयावरही न्यूटनने आयुष्यभर लिहिले, आणि ते लेखन मात्र त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ जवळजवळ कुलुपातच राहिले.

न्यूटनचा जन्म तत्कालीन इंग्लिश पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी वूल्सथॉर्प येथे झाला. जन्मापूर्वी सुमारे तीन महिने पिता निवर्तला होता. मूल तीन वर्षांचे असताना आईने बार्नबस स्मिथ यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती मुलाला आजीच्या स्वाधीन करून नव्या घरी गेली. हा घाव खोल होता. १६६२ साली, म्हणजे एकोणीस वर्षांचा असताना, न्यूटनने सांकेतिक लघुलिपीत आपल्या पापांची एक यादी लिहिली. रविवारी केलेली क्षुल्लक कामे, प्रार्थनेतील दुर्लक्ष, खोटे बोलणे अशा नोंदींबरोबर, आई आणि सावत्र बाप यांना घरासकट जाळून टाकण्याची धमकी आपण दिली होती, हीही कबुली तिच्यात आहे. ईश्वर आपली प्रत्येक कृती पाहत आहे आणि तिचा हिशेब मागणार आहे, ही जाणीव त्या तरुणाच्या ठिकाणी किती तीव्र होती, हे त्या यादीवरून कळते.

ग्रँथम येथील शिक्षणानंतर १६६१ साली न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या जानेवारीत लंडनमध्ये एक लहानसे सशस्त्र बंड झाले होते. दानीएलाच्या ग्रंथात सांगितलेले पाचवे साम्राज्य, म्हणजे ख्रिस्ताचे राज्य, आता उतरणार आहे, अशी त्या बंडखोरांची श्रद्धा होती. बंड चिरडले गेले आणि त्याचा पुढारी थॉमस व्हेनर फाशी गेला. बायबलमधील भविष्यग्रंथ हे त्या काळी केवळ पारायणाचे ग्रंथ नव्हते. त्यांच्या अर्थावरून माणसे शस्त्र उचलीत होती.

हे ग्रंथ मुख्यतः दोन. जुन्या करारातील दानीएलाचे पुस्तक आणि नव्या कराराच्या अखेरीस असलेले योहानाचे प्रकटीकरण. दानीएलाला स्वप्नात समुद्रातून चार श्वापदे वर येताना दिसतात. चौथ्याला दहा शिंगे असतात आणि त्यांच्यामध्ये डोळे व तोंड असलेले एक लहान शिंग उगवते. योहानाच्या दर्शनात सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी आहे, सात कर्णे आहेत, क्रोधाच्या सात वाट्या आहेत, आणि शेवटी नवे आकाश व नवी पृथ्वी आहे. ख्रिस्ती जगात या प्रतिमांचा अर्थ लावण्याची परंपरा फार जुनी. लॉगॅरिथमचा जनक जॉन नेपिअर याने १५९३ मध्ये प्रकटीकरणावर ग्रंथ सिद्ध केला होता. केंब्रिजमधीलच जोसेफ मीड या विद्वानाने १६२७ साली प्रकटीकरणाची किल्ली म्हणून एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकटीकरणातील दर्शने एकापाठोपाठ एक घडणाऱ्या घटनांची नसून त्यांतील अनेक दर्शने एकाच काळाची निरनिराळी चित्रे आहेत, हे त्याने अंतर्गत पुराव्याने दाखविण्याचा प्रयत्न केला. न्यूटन मीडला फार मानीत असे आणि त्याच्याच पायावर त्याने पुढची उभारणी केली.

१६६५ च्या प्लेगमुळे विद्यापीठ बंद झाले, न्यूटन वूल्सथॉर्पला परतला, आणि त्या एकांतवासात प्रकाश, गुरुत्वाकर्षण व गणित यांविषयीच्या त्याच्या मूलभूत विचारांना आरंभ झाला, हा इतिहास सुपरिचित आहे. १६६७ साली तो ट्रिनिटीचा फेलो झाला आणि १६६९ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, गणिताचा ल्यूकेशियन प्राध्यापक. फेलोपदाला एक अट जोडलेली होती. ठरावीक मुदतीत, म्हणजे १६७५ पर्यंत, त्याने इंग्लंडच्या चर्चची धर्मदीक्षा घेणे आवश्यक होते. वरवर पाहता ही केवळ औपचारिक बाब होती. परंतु कोणतीही गोष्ट मुळापासून तपासल्याशिवाय न स्वीकारण्याचा न्यूटनचा स्वभाव येथेही आडवा आला. दीक्षेची तयारी म्हणून त्याने बायबल, प्राचीन धर्माचार्यांचे ग्रंथ आणि चर्चच्या आरंभीच्या परिषदांचा इतिहास यांचे कसून वाचन सुरू केले, आणि या वाचनाने त्याला भलत्याच ठिकाणी आणून सोडले.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एकाच ईश्वरतत्त्वाचे समान अंश आहेत, हा त्रैक्याचा सिद्धान्त मूळ ख्रिस्ती धर्मात नाही, असा निष्कर्ष न्यूटनने काढला. चौथ्या शतकात, ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेपासून आणि विशेषतः अथनेशियसच्या प्रभावामुळे, हा सिद्धान्त धर्मात शिरला व त्याबरोबर भ्रष्टताही शिरली, असे त्याचे ठाम मत झाले. ज्या महाविद्यालयाचे नावच त्रैक्यावरून ठेवलेले होते, त्याच महाविद्यालयाच्या खोलीत बसून त्याने हे लिहिले. दीक्षा घ्यायची तर त्रैक्यावरील श्रद्धेची ग्वाही देणे भाग होते आणि न घ्यावी तर फेलोपद जात होते. न्यूटनने पद सोडण्याची तयारी केली होती. परंतु १६७५ मध्ये ल्यूकेशियन प्राध्यापकाला दीक्षेच्या अटीतून मुक्त करणारा राजादेश निघाला आणि प्रसंग टळला.

प्रसंग टळला तरी धोका टळला नव्हता. १६८९ च्या धर्मसहिष्णुतेच्या कायद्याने त्रैक्य नाकारणाऱ्यांना संरक्षण दिले नाही. १६९७ च्या जानेवारीत एडिंबरो येथे थॉमस एकेनहेड नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेबद्दल फाशी देण्यात आले. त्रैक्याची टवाळी हा त्याच्यावरील आरोपांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये झालेल्या कायद्याने त्रैक्य नाकारणाऱ्याला प्रथम अपराधाबद्दल सार्वजनिक पदांना अपात्र ठरविले आणि दुसऱ्यांदा अपराध केल्यास तीन वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद केली. न्यूटनने जन्मभर मौन का पाळले, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

भविष्यग्रंथांचा अभ्यास हा त्याच्या या शोधाचाच पुढचा भाग होता. धर्म भ्रष्ट होणार हे ईश्वराने आधीच सांगून ठेवले आहे, आणि ते कोठे व केव्हा झाले हे दानीएल व योहान यांच्या संकेतांतून कळते, अशी त्याची धारणा होती. सोळाशे सत्तरच्या दशकापासून त्याने यावर वहीमागून वही लिहिली. लिहिण्यापूर्वी त्याने अर्थ लावण्याचे नियमच घालून घेतले. एका प्रतिमेला एका ठिकाणी जो अर्थ दिला, तोच अर्थ सबळ कारण नसेल तर सर्वत्र ठेवावा. शब्दांची ओढाताण करू नये. अनेक अर्थ संभवत असतील तेथे जो सर्वांत साधा व ज्यात सर्व भाग एकमेकांशी जुळतात, तो स्वीकारावा. ग्रहगोलांच्या गतीचे कारण शोधताना निसर्ग साधेपणाने चालतो हे गृहीत धरणारा न्यूटन आणि धर्मग्रंथ वाचणारा न्यूटन हे दोन निरनिराळे पुरुष नव्हते, हे या नियमांवरून स्पष्ट होते.

भविष्यवाद्यांची भाषा ही प्राचीन राष्ट्रांतील चित्रलिपीसारखी आहे, असे तो मानी. या भाषेत आकाश म्हणजे सिंहासने व सत्ताधीश आणि पृथ्वी म्हणजे सामान्य प्रजा. सूर्य म्हणजे राजा, तारे म्हणजे त्याचे मांडलिक. भूकंप म्हणजे राज्यांची उलथापालथ. श्वापद म्हणजे साम्राज्य. या कोशाच्या आधारे त्याने दानीएलाची चार श्वापदे बाबिलोन, इराण, ग्रीस व रोम यांना लावली. दहा शिंगे म्हणजे पश्चिम रोमन साम्राज्य मोडून निर्माण झालेली दहा राज्ये, आणि लहान शिंग म्हणजे रोमचे चर्च, हा अर्थ त्या काळच्या प्रॉटेस्टंट पंडितांत रूढच होता. प्रतिमांची इतिहासाशी सांगड घालण्यासाठी त्याने बर्बर टोळ्यांची आक्रमणे, सम्राटांच्या कारकिर्दी आणि चर्चचे इतिहास पिंजून काढले. प्रकटीकरणाच्या ग्रीक हस्तलिखितांतील पाठभेदही त्याने जमविले आणि नव्या कराराची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या जॉन मिल या ऑक्सफर्डच्या पंडिताला पुरविले. मिलची ती आवृत्ती १७०७ साली प्रसिद्ध झाली.

या ग्रंथांत एक संख्या वारंवार येते. कोठे ती १२६० दिवस म्हणून येते, कोठे ४२ महिने म्हणून, तर कोठे एक काळ, दोन काळ व अर्धा काळ म्हणून. महिना तीस दिवसांचा धरला तर ४२ महिन्यांचे १२६० दिवस होतात, आणि ३६० दिवसांची साडेतीन वर्षे घेतली तरी तेच उत्तर येते. भविष्यग्रंथातील दिवस म्हणजे वर्ष, या रूढ संकेताप्रमाणे भ्रष्टतेच्या सत्तेचा काळ १२६० वर्षे ठरतो. प्रश्न एवढाच, की मोजणी कोठून सुरू करावयाची? न्यूटनच्या कागदांत यासाठी निरनिराळे आरंभबिंदू आढळतात. त्यांपैकी एका चिटोऱ्यावर त्याने इ. स. ८०० हे वर्ष घेतले आहे. पोपने रोममध्ये शार्लमेनच्या मस्तकी सम्राटपदाचा मुकुट ठेवला, तेच हे वर्ष. त्यात १२६० मिळविले की २०६० येते. त्यापूर्वी अंत येण्याचे कारण दिसत नाही, नंतर मात्र येऊ शकेल, असे त्याने नोंदविले आहे. अंत म्हणजे सृष्टीचा विनाश असेही त्याला अभिप्रेत नव्हते. भ्रष्ट सत्तेचा अंत आणि शांततेच्या युगाचा आरंभ, असा त्याचा आशय होता.

हा हिशेब त्याने मांडला तो तारीख जाहीर करण्यासाठी नव्हे. दर काही वर्षांनी कोणीतरी उठून जगाचा अंत जवळ आल्याची द्वाही फिरवीत असे. ती तारीख टळली की हसे होई ते त्या माणसाचे नव्हे, तर धर्मग्रंथाचे. अशा उतावळ्यांना आळा बसावा हा न्यूटनचा हेतू होता. माणसाला पुढचे कळावे, पत्रिका पाहिल्यासारखे भविष्य सांगता यावे, म्हणून ईश्वराने हे ग्रंथ दिलेले नाहीत. घटना घडून गेल्यानंतर मागे वळून पाहिले असता इतिहासामागील ईश्वरी सूत्र ओळखता यावे, एवढ्यासाठीच ते दिले आहेत, असे तो मानी. त्याचा जवळचा मित्र, स्विस गणिती फातिओ, या मर्यादेपलीकडे गेला. फ्रान्समधून लंडनला आलेल्या आणि प्रत्यक्ष ईश्वरी संचार झाल्याचा दावा करणाऱ्या पंथात तो सामील झाला आणि १७०७ मध्ये त्याला लंडनच्या भर चौकात खोड्यात उभे करण्यात आले.

या विषयावर न्यूटन अगदी मोजक्या लोकांशी बोले. त्यांत हेन्री मोर हा केंब्रिजचा तत्त्ववेत्ता होता. कर्णे व वाट्या यांच्या क्रमाविषयी दोघांचे मतभेद झाले, पण स्नेह राहिला. दुसरा म्हणजे जॉन लॉक. १६९० साली न्यूटनने लॉककडे एक प्रबंध पाठविला. त्रैक्याच्या समर्थनार्थ दिली जाणारी नव्या करारातील दोन वचने मूळ पाठात तशी नव्हती, ती मागाहून घुसडली वा बदलली गेली, हे त्याने हस्तलिखितांच्या आधारे त्यात दाखविले होते. प्रबंध हॉलंडमध्ये निनावी छापण्याची तजवीजही झाली. परंतु १६९२ मध्ये न्यूटनला भीती वाटली आणि त्याने छपाई थांबविण्याची विनंती केली. तो प्रबंध छापला गेला १७५४ साली, तोही अपुऱ्या रूपात.

दरम्यान १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध होऊन न्यूटनची कीर्ती युरोपभर झाली होती. १६९६ साली तो लंडनला टांकसाळीचा अधिकारी म्हणून गेला, १७०३ मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १७०५ मध्ये त्याला सर हा किताब मिळाला. केंब्रिजमधील त्याच्या जागी आलेला विल्यम व्हिस्टन त्याच्याच मतांचा होता, पण त्याला मौन मानवले नाही. त्याने आपली मते उघड मांडली आणि १७१० साली त्याची विद्यापीठातून हकालपट्टी झाली. न्यूटन त्याच्या मदतीला गेला नाही. उलट, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आपल्याला मिळू नये म्हणून न्यूटनने विरोध केला, असे व्हिस्टनने पुढे लिहून ठेवले. न्यूटनच्या चरित्रातील हे पान उजळ नाही. जे व्हिस्टनने चौकात सांगितले ते न्यूटन आपल्या टेबलाच्या खणात ठेवीत होता आणि चर्चच्या उपासनेला रीतीप्रमाणे हजर राहत होता. सत्याचा शोध घेण्याचे धैर्य आणि ते सांगण्याचे धैर्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिले त्याच्याजवळ अपार होते.

उत्तर आयुष्यात त्याने प्राचीन राज्यांच्या कालगणनेवर आणि यरुशलेमच्या शलमोनाच्या मंदिराच्या रचनेवर परिश्रम घेतले. प्रकटीकरणातील दर्शने मंदिराच्या पार्श्वभूमीवर घडतात, म्हणून मंदिराची मोजमापे त्याला महत्त्वाची वाटत. मृत्युसमयी त्याच्या संग्रही सुमारे पावणेदोन हजार ग्रंथ होते, आणि त्यांत धर्मशास्त्राचे ग्रंथ चौथ्या हिश्श्याहून अधिक होते. पुस्तकात महत्त्वाचा शब्द सापडला की पानाचा कोपरा असा दुमडायचा, की त्याचे टोक नेमके त्या शब्दावर यावे, ही त्याची सवय होती. कोणत्याही ग्रंथपालाला न रुचणारी ही सवय पुढे अभ्यासकांच्या मात्र उपयोगी पडली. २० मार्च १७२७ रोजी त्याचा अंत झाला. मृत्युशय्येवर त्याने चर्चचा अंतिम संस्कार नाकारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजमान्य इतमामाने त्याला पुरण्यात आले.

मृत्युपत्र नव्हते. डॉ. थॉमस पेलेट यांनी कागद तपासले आणि बहुतेक गठ्ठ्यांवर छापण्यास अयोग्य असा शेरा मारला. १७३३ साली सावत्र भावाचा मुलगा बेंजामिन स्मिथ याने दानीएल व प्रकटीकरण यांवरील निरीक्षणांचा ग्रंथ छापला. हस्तलिखितांच्या मानाने तो सौम्य होता, तरीही व्होल्तेअरसारख्यांनी त्याची थट्टा केली. उरलेले कागद भाचीच्या वंशातून पोर्टस्मथच्या उमराव घराण्याकडे गेले. १८७२ साली ते घराणे केंब्रिज विद्यापीठाला कागद देऊ लागले, तेव्हा विद्यापीठाने गणित व विज्ञान ठेवून घेतले आणि धर्म व किमया यांचे बहुतेक कागद परत केले. अखेर १९३६ च्या जुलैत लंडनमध्ये त्या कागदांचा लिलाव झाला. ३२९ गठ्ठ्यांचे मिळून सुमारे नऊ हजार पौंड आले आणि जन्मभर जपलेली हस्तलिखिते व्यापाऱ्यांच्या हाती विखुरली.

ती पुन्हा एकत्र आली ती दोन ग्रंथवेड्यांमुळे. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी मिळतील तितके कागद परत विकत घेतले. ते आता केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयात आहेत. यरुशलेममध्ये जन्मलेले पौर्वात्यविद्येचे पंडित अब्राहम याहूदा यांनी धर्मविषयक कागद जमविले. १९५१ मध्ये ते वारले आणि पुढे ते कागद यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल झाले. ज्या नगरीच्या मंदिराचा आराखडा न्यूटन लंडनमध्ये बसून काढीत होता, त्याच नगरीत ते विसावले. २००३ साली २०६० चा आकडा वृत्तपत्रांत झळकला आणि न्यूटनने जगबुडीची तारीख सांगितल्याची हाकाटी झाली. जे टाळण्यासाठी त्याने तो चिटोरा लिहिला, नेमके तेच त्याच्या नावावर घडले.

आजच्या अभ्यासकांना न्यूटनचे निष्कर्ष मान्य नाहीत. दानीएलाचे पुस्तक आजच्या रूपात इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकात, ग्रीक राजांच्या छळाच्या काळात सिद्ध झाले, असे बहुतेक विद्वान मानतात. न्यूटनने त्याला त्याहून चारशे वर्षे प्राचीन मानले होते. रोमच्या चर्चविषयीचा त्याचा आकसही त्याच्या काळाचा व पंथाचा होता, आणि साधेपणाचा नियम घालून घेऊनही प्रतिमांना घटना चिकटविताना त्याने तो पुष्कळदा ताणला. मात्र धर्मवचनाच्या बाबतीत मूळ पाठ पाहिल्याशिवाय अर्थ करावयाचा नाही, आणि जेथे आपली समजूत थांबते तेथे ईश्वराच्या नावाने बोलावयाचे नाही, हा त्याचा बाणा आजही आदरणीय वाटतो.

बार्नबस स्मिथ यांची ती वही आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. न्यूटनचे उरलेसुरले ग्रंथ, कोपरे दुमडलेल्या पानांसह, १९४३ मध्ये ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परत आले. पेलेट यांनी अयोग्य ठरविलेल्या कागदांपैकी दहा लाखांहून अधिक शब्द आता वाचकांना खुले आहेत. छापण्यास अयोग्य ठरलेले ते कागद दोन शतके कोणीही जाळले नाहीत, म्हणूनच न्यूटन आज आपल्याला पुरता भेटतो.